मोडणं आणि सोडणं

उपास सोडतात आणि उपास मोडतो. या दोन क्रियापदांत मराठीने मोठा नेमका फरक करून ठेवला आहे. ठरलेली वेळ भरली, शांत बसून पहिला घास घेतला, की उपास सोडला. मधेच धीर खचला, की मोडला. सोडण्यात समाधान आहे, मोडण्यात कमीपणा. एरवी हे ठीक असेल, पण तब्येतीसाठी केलेल्या उपासात, ज्याला लंघन असा स्वतंत्र शब्द आहे, हाच कमीपणा घात करतो. न खाणं हा लंघनातला सगळ्यात सोपा भाग. दोन-तीन दिवसांनंतर तर ते पुष्कळांना आपोआप जमू लागतं. कसब लागतं ते दोन ठिकाणी: कधी मोडायचा हे ओळखायला आणि कसा सोडायचा हे निभवायला.

आधी वजनकाट्याबद्दल बोलू, कारण पुढच्या बऱ्याच चुका त्याच्यावर विश्वास ठेवून होतात. रोज साधारण २,००० कॅलरी खर्च करणाऱ्या माणसाने पाच दिवस फक्त पाणी प्यायलं, तर काटा तीन-चार किलो कमी दाखवतो. आता हिशेब करा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. पाच दिवसांच्या १०,००० कॅलरी सगळ्याच्या सगळ्या चरबीतून आल्या असं धरलं, तरी गेली सव्वा किलो. बाकीचं काय? यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असते. तिचा प्रत्येक ग्रॅम जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून बसलेला असतो. साठा उपसला, की ते पाणी सुटतं. शिवाय रक्तातलं इन्सुलिन उतरलं, की मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकू लागतात आणि मिठामागोमाग पाणी जातं. पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीला वारंवार जावं लागतं ते यामुळे. त्यात आतडी रिकामी होतात. म्हणजे काट्यावर जे आनंदाने पाहिलं जातं, त्यात अर्ध्याहून जास्त पाणी असतं, आणि ते परत येणारच असतं.

आत काय चाललेलं असतं? शेवटचं जेवण पचेपर्यंत पाच-सहा तास जातात. मग यकृत आपला साठा काढू लागतं आणि साधारण दिवसभरात तो संपत येतो. स्नायूंतली साखर स्नायूंपुरतीच राहते. ती रक्तात सोडायला लागणारं एन्झाइम त्यांच्याकडे नसतंच. इकडे मेंदूला दिवसाला १००-१२० ग्रॅम ग्लुकोज हवं असतं. मग यकृत ते लॅक्टेटपासून, चरबीतल्या ग्लिसरॉलपासून आणि प्रथिनांपासून तयार करतं. प्रथिनांपासून म्हणजे मुख्यतः स्नायूंतून. प्रथिनं तुटली, की त्यांतला नायट्रोजन लघवीतून जातो; सुरुवातीच्या दिवसांत रोज १०-१२ ग्रॅम. सव्वासहाने गुणलं तर साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं, आणि ओल्या स्नायूच्या भाषेत रोजचे तीनशे ग्रॅमच्या आसपास. हा काळ महागाचा.

पुढे शरीर हात आखडता घेतं. बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७मध्ये, पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या स्थूल माणसांच्या मेंदूत जाणारं आणि मेंदूतून येणारं रक्त तपासलं. मेंदूची बरीचशी गरज, सुमारे दोन-तृतीयांश, कीटोनवर, म्हणजे यकृताने चरबीपासून बनवलेल्या इंधनावर, भागत होती. ग्लुकोजची मागणी घटल्यामुळे स्नायूंची तोडही मंदावते. नायट्रोजन दिवसाला तीन-चार ग्रॅमपर्यंत खाली येतो. यातली गंमत अशी, की प्रथिनांची सगळ्यात जास्त नासाडी लांब उपासाच्या पाचव्या आठवड्यात होत नाही, ती पहिल्या आठवड्यात होते. दर पंधरा दिवसांनी तीन-तीन दिवस लंघन करणारा सडपातळ माणूस दर वेळी त्या महागाच्या काळातच बाजार करतो. मधल्या दिवसांत पुरेशी प्रथिनं खाल्ली नाहीत आणि स्नायूंना काम दिलं नाही, तर वर्षअखेरीला तो हलका आणि अशक्त, दोन्ही होतो.

भुकेबद्दल एक भ्रम असा, की ती तासागणिक चढत जाते. तसं होत नाही. ग्रेलिन हे भुकेचं हॉर्मोन रोजच्या जेवणाच्या वेळांना उसळतं आणि खाल्लं नाही तरी तासा-दोन तासांत उतरतं. पोटातले कावळे घड्याळ पाहून ओरडतात. कीटोन वाढले, की ते बरेचसे गप्प होतात. त्याच सुमाराला तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येऊ लागतो. तो ॲसिटोन, श्वासातून बाहेर पडणारा कीटोन. थंडी वाजते, कारण थायरॉइडचं टी-३ हे हॉर्मोन घटतं. झोप हलकी होते.

जिभेवर पांढरट-पिवळा थर जमतो आणि लगेच कुणीतरी सांगतं, शरीरातलं विष बाहेर पडतंय. जीभ आरशात नीट पाहा. पृष्ठभागावर केसांसारखे बारीक उंचवटे असतात. त्यांची टोकं सतत वाढत आणि गळत असतात. एरवी चावताना अन्न ती घासून काढतं, लाळ धुऊन नेते. चावणं थांबलं, लाळ कमी झाली, की मेलेल्या पेशी आणि जंतू तिथेच साचतात. जीभ खरवडा, चूळ भरा, झालं. थर गेला म्हणजे शरीर शुद्ध झालं असं समजून तोवर उपास लांबवत राहणं हा जुना आणि धोक्याचा प्रघात आहे.

तयारीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चहा-कॉफी. पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ येते, ती पुष्कळदा कॅफीन तुटल्यामुळे. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत दुखणं सुरू होतं आणि एक-दोन दिवसांत कळसाला जातं. म्हणून आठवडाभर आधीपासून कप निम्मे, मग पाव करत जावेत. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेऊ नये. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी शरीरात पाणी कमी असताना जठराला आणि मूत्रपिंडाला एकदमच त्रास देते. उपासाआधी जुलाब घेण्याची किंवा एनिमाची गरज नाही. मीठ आणि पोटॅशियम तसंही जाणार आहे. सुरुवातीलाच ते आणखी का वाहून घालवायचं?

पाणी दिवसभरात दोन ते अडीच लिटर, घोट घोट. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल, तर दिवसभराच्या पाण्यात मिळून अर्धा ते एक सपाट चमचा मीठ. तीन दिवस चक्कर, अंग गळणं, पायात गोळे येणं याने बेजार झालेली माणसं मिठाच्या पाण्याने अर्ध्या तासात सावरतात, इतका हा साधा घोटाळा असतो. उलट, शुद्धी होईल म्हणून पाच-पाच लिटर नुसतं पाणी रिचवलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकेदुखी, मळमळ आणि मग गोंधळलेपण. पोटॅशियमच्या गोळ्या मात्र मनाने घ्यायच्या नाहीत. कमी झालं तरी आणि जास्त झालं तरी, मार हृदयाच्या ठेक्यावर बसतो; रक्त तपासल्याशिवाय ते हातातलं काम नाही. निर्जळी उपासाचं वैद्यकीय समर्थन मला सापडत नाही. नायट्रोजन बाहेर टाकायला पाणी लागतं. ते नाकारून फक्त लघवी दाट होते आणि मुतखड्याची सोय होते.

रात्री लघवीला उठणं, ही लंघनातली सगळ्यात धोकादायक हालचाल. झोपेतून ताडकन उठलं, की रक्त पायांत उतरतं, आधीच घटलेलं बीपी कोसळतं आणि माणूस न्हाणीघराच्या दारात पडतो. उठायची पद्धत ठरवून ठेवावी: आधी कुशीवर वळणं, मग कडेला बसून पाय जमिनीवर, पोटऱ्या दहा-पंधरा वेळा आवळणं, मिनिटभर थांबणं, मग आधार धरून उभं राहणं. पुरुषांनीही बसून लघवी करावी. कढत पाण्याची आंघोळ टाळावी. घरी बीपीचं यंत्र असेल, तर आडवं असताना एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांनी एकदा मोजावं. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, तर मीठ-पाणी कमी पडतंय किंवा औषध जास्त होतंय.

औषधांचा विषय आला, की स्वर बदलावा लागतो. मधुमेहासाठीचं इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या खाणं चालू आहे असं धरूनच दिलेल्या असतात. खाणं थांबलं आणि त्या चालू राहिल्या, तर साखर झोपेतही कोसळू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गटातल्या गोळ्यांचा धोका जास्त फसवा. उपाशीपणी त्यांच्यामुळे रक्त आम्लधर्मी होऊ शकतं आणि त्या वेळी साखर जवळजवळ नेहमीसारखी दिसते, त्यामुळे साखर मोजून निर्धास्त झालेला माणूस ओकत आणि धापा टाकत रुग्णालयात पोचतो. या गोळ्या आदल्या रात्री नव्हे, काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, आणि ते डॉक्टरच्या सांगण्यावरून. बीपीच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा डोस उपासात बहुधा कमी करावा लागतो. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांनी लंघनाच्या वाटेलाच जाऊ नये. शरीरातलं मीठ घटलं, की लिथियम रक्तात साचतं. टाइप १ मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणं, मुलांचं वाढीचं वय, आधीच कमी वजन, खाण्याशी बिघडलेल्या नात्याचा इतिहास, निकामी होत चाललेलं यकृत किंवा मूत्रपिंड: इथे लंघन नको, यात वाद नाही. ज्यांना गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी, आहे त्यांचा अंगठा उपासात ठणकू शकतो, कारण कीटोन आणि युरिक ॲसिड मूत्रपिंडातून बाहेर पडायला एकाच दाराशी झटतात. पित्ताशय रिकामं होत नसल्यामुळे पित्त घट्ट होतं आणि खडे वाढतात.

एवढं सोसून पदरात काय पडतं? अपस्माराच्या झटक्यांवर उपास चालतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवलं, आणि रसेल वाइल्डर यांनी १९२१मध्ये मेयो क्लिनिकमध्ये तोच परिणाम खाऊन साधणारा कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर चरबी आणि अगदी कमी कर्बोदकं असलेलं खाणं, सुचवला. तो आजही वापरात आहे; लंघनातून निघालेली ही सगळ्यात पक्की उपचारपद्धती, आणि तिच्यात लंघन उरलेलं नाही. संधिवाताच्या रुग्णांवर नॉर्वेत झालेला प्रयोग १९९१मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला: सात ते दहा दिवसांचा उपास, पुढे वर्षभर शाकाहार. सांध्यांची सूज आणि दुखणं उपासात लवकर उतरलं. ते टिकलं ते पुढच्या वर्षभराच्या बदललेल्या खाण्यामुळे. उच्च रक्तदाबाच्या १७४ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या पाण्यावरच्या उपासात, सरासरी दहा-अकरा दिवसांत, वरचं बीपी सरासरी ३७ने घसरलं. आकडा घसघशीत आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि वर सांगितलेलं मीठ-पाणी जाण्याचं गणित त्यात किती, हे त्यावरून वेगळं काढता येत नाही.

जर्मनीत ओटो बुखिंगर या नौदलातल्या डॉक्टरने १९१९मध्ये स्वतःच्या सांधेदुखीसाठी उपास केला आणि त्यातून एक पद्धत उभी राहिली. तिच्यात माणूस पूर्ण उपाशी नसतो. भाज्यांचा गाळलेला रस्सा, फळांचा रस, थोडा मध, मिळून दिवसाला अडीचशे कॅलरींच्या आसपास. त्या थोड्याशा साखरेने प्रथिनांची तोड काहीशी आवरते आणि रश्श्यातून मीठ-पोटॅशियमही मिळतं. अशा ४ ते २१ दिवसांच्या उपासाच्या १,४२२ जणांच्या नोंदी २०१९मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि गंभीर त्रास फारच थोड्यांना झालेला दिसला. अर्थात ती सगळी माणसं देखरेखीखाली, आधी चाळून घेतलेली. निव्वळ पाण्यापेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

दीर्घायुष्याचं म्हणाल, तर इथे हातचं राखून बोलावं. क्लाइव्ह मॅके यांनी १९३५मध्ये कमी खाणारे उंदीर जास्त जगतात हे दाखवलं. माकडांवर अमेरिकेत दोन ठिकाणी दशकानुदशकं प्रयोग चालले. विस्कॉन्सिनमध्ये कमी खाणाऱ्यांना फायदा दिसला. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या २०१२च्या निकालात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. फरकाचं एक कारण ताटातच होतं: विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात साखर बरीच होती आणि तिथल्या भरपेट गटाला हवं तेवढं मिळत होतं. वाईट खाणं कमी केलं तर फायदा मोठा, चांगलं खाणं कमी केलं तर लहान, असं मी त्यातून वाचतो. माणसांवरच्या दोन वर्षांच्या प्रयोगात २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं, जमलं १२ टक्क्यांच्या आसपास; रक्ताचे आकडे सुधारले, हाडांची घनता थोडी घटली. पेशी स्वतःचीच मोडतोड खाऊन साफ करतात त्या क्रियेवर, ऑटोफॅजीवर, योशिनोरी ओसुमी यांना २०१६चं नोबेल मिळालं ते यीस्टमधल्या कामासाठी. चालत्या-बोलत्या माणसाच्या अवयवांत ती मोजणं अजून अवघड आहे. त्यामुळे सोळाव्या तासाला ती 'चालू होते' असं कुणी घड्याळ लावून सांगितलं, तर त्या तासाचा पुरावा मागावा.

आठ तासांत खाणं आणि सोळा तास उपास, हा त्यातला सौम्य प्रकार. चीनमध्ये १३९ स्थूल माणसांवर वर्षभर तपासलं, तेव्हा कॅलरी सारख्याच कमी केल्या असता वेळेच्या बंधनाने वजन घटण्यात लक्षणीय भर पडली नाही. ज्याला मोजण्यापेक्षा घड्याळ सोपं वाटतं त्याने ते वापरावं, इतकंच.

आता मोडण्याकडे. उभं राहताना भोवळ येऊन पडणं, छातीत धडधड किंवा ठोका चुकल्यासारखं वाटणं, बोलण्यात गोंधळ, न थांबणाऱ्या उलट्या, आठ-दहा तास लघवी न होणं, वरचं बीपी ९०च्या खाली राहून अंधारी येणं, घाम आणि थरथरीबरोबर साखर ७०च्या खाली जाणं. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर ७०च्या खालचा आकडा लक्षणांशिवायही पुरे. यातलं एक जरी झालं, तरी 'आता दोनच दिवस राहिलेत' हे वाक्य मनात येऊ द्यायचं नाही. साखर पडली असेल तर १५ ग्रॅम साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी. छातीची किंवा शुद्धीची तक्रार असेल तर थेट रुग्णालय. लिंडा हॅझर्ड नावाची बाई अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात उपासाने सगळं बरं करायची. तिच्याकडे खंगत गेलेल्या एका रुग्ण स्त्रीच्या मृत्यूबद्दल १९१२मध्ये तिला शिक्षा झाली. पुढे १९३८मध्ये ती स्वतः गेली, तीही स्वतःवर उपासाचाच इलाज चालू असताना. त्या पंथात प्रत्येक वाईट लक्षण म्हणजे विष निघत असल्याची खूण होती. मोडण्यासाठी एकही खूण शिल्लक ठेवलेली नव्हती.

उलट टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या अँगस बार्बिएरीचं. १९६५-६६मध्ये तो ३८२ दिवस अन्नाशिवाय राहिला आणि २०७ किलोंवरून ८२ किलोंवर आला. हे नाव फार फेकलं जातं, म्हणून पुढचंही सांगायला हवं: तो डंडीच्या डॉक्टरांच्या नजरेखाली होता, जीवनसत्त्वं घेत होता, मधे पोटॅशियम आणि सोडियमही दिलं गेलं, आणि त्याच्या अंगावर शंभर किलोंहून जास्त शिल्लक होती.

सोडण्यात काय बिघडतं, हे दुसऱ्या महायुद्धानंतर कळलं. छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवू घातलं आणि त्यातले काही जेवल्यानंतर मेले. उपाशी शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे आतून रिकामे झालेले असतात, पण रक्तातले आकडे बरे दिसतात. कर्बोदकं पोटात गेली, की इन्सुलिन उसळतं आणि ही सगळी खनिजं साखरेबरोबर पेशींत खेचली जातात. रक्तातलं फॉस्फेट कोसळतं. श्वासाचे स्नायू ढिले पडतात, हृदय ठेका चुकतं. साखर जाळायला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लागतं, तेही संपलेलं असेल तर मेंदूवर बेततं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काही न खाल्लेल्याला सुरुवातीचे दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त देऊ नये असं म्हटलं आहे. दहा दिवसांहून जास्त उपाशी असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला १० कॅलरींनी सुरुवात, थायमिन आधी, आणि रक्ताची तपासणी सोबत. हे घरी करायचं काम नाही.

एक दिवसाचा किंवा दीड दिवसाचा उपास असेल, तर एवढं काही नको. हाताला आवर घातला म्हणजे झालं. चार-पाच दिवसांचा असेल, तर पहिल्या दिवशी भाज्यांचं मीठ घातलेलं पातळ सूप, वाटीभर, दोन-तीन तासांच्या अंतराने चार-पाच वेळा, आणि संध्याकाळी थोडी मऊ शिजवलेली भाजी. नुसते फळांचे रस पेल्यांमागून पेले नकोत, कारण साखरेची एकदम उसळी हीच टाळायची आहे. दुसऱ्या दिवशी दही किंवा मऊ अंडं आणि थोडा मऊ भात. एकूण रोजच्या निम्मं. तिसऱ्या दिवशी डाळी, तेल, कच्च्या भाज्या हळूहळू. पहिल्या जेवणानंतर तासाभरात जुलाब झाले तर घाबरायला नको. आतड्याच्या अस्तराचं आणि पाचकरसांचं काम थंडावलेलं असतं. तेलकट खाल्लं तर ते नक्की होतं. घास पंचवीस-तीस वेळा चावावा, त्याचं कारण अध्यात्म नाही: पोट भरल्याचा निरोप पोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि उपाशी माणसाचा हात त्याहून वेगाने चालतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काटा दीड-दोन किलो वर गेलेला दिसतो, आणि इथेच पुष्कळजण पुढच्या लंघनाची तारीख ठरवतात. तो वाढावा चरबीचा नसतो. ग्लायकोजेन भरलं, त्याचं पाणी भरलं, आणि इन्सुलिन परतल्यामुळे मूत्रपिंडांनी मीठ धरून ठेवलं. घोट्याच्या वर नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून पाहा; खळी पडली आणि ती भरायला वेळ लागला, तर तेच पाणी तिथे आहे. मीठ बेताचं ठेवलं आणि बसताना पाय थोडे उंच घेतले, तर ती बहुधा आठवडाभरात ओसरते. खळी गुडघ्याकडे सरकू लागली, सपाट झोपल्यावर दम लागू लागला किंवा हातपाय लुळे वाटू लागले, तर काट्यावर न चढता त्याच दिवशी रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं, आणि किती दिवस उपाशी होतो हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगावं.